आधी वजनकाटा, मग डोंगर

किलिमांजारोच्या मचामे फाटकात सकाळी साडेनऊला लांबलचक रांग लागली होती. रांग आमची नव्हती, ओझ्यांची होती. पत्र्याच्या शेडखाली काटा टांगलेला. एकेक पोर्टर पुढे यायचा, डोक्यावरची गोणी आकड्याला अडकवायचा, उद्यानाचा कर्मचारी वजन बघून वहीत लिहायचा आणि मान हलवायचा. मग पुढचा. किलिमांजारोवर एका पोर्टरने जास्तीत जास्त 20 किलो वाहायचे असा नियम आहे: ट्रेकरच्या किंवा सामायिक सामानाचे 15 आणि त्याच्या स्वतःच्या कपड्या-अंथरुणाचे 5. माझी निळी डफल बॅग टांगली तेव्हा काटा पंधराच्या पुढे गेला. आमचा मुख्य गाईड काही बोलला नाही. बॅग खाली उतरवली आणि तिथेच, सगळ्यांसमोर उघडली. चिवड्याची दोन मोठी पाकिटं, एक जादा जीन्स, एक जाडजूड कादंबरी बाहेर निघाली. चिवडा मी माझ्या पाठपिशवीत घेतला. जीन्स आणि कादंबरी गाडीबरोबर पायथ्याच्या मोशी गावी परत गेली.

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी सांगितला होता ‘तयारी’. सह्याद्रीत आम्ही वर्षानुवर्षं हिंडतो. तिथली तयारी म्हणजे पायथ्याच्या गावी पिठलं-भाकरीचा निरोप धाडायचा आणि पहाटेची एसटी गाठायची. पण सात दिवस चालून 5,895 मीटरवर, परक्या देशात, वाटाड्यांच्या भरवशावर जायचं तर तयारी म्हणजे नेमकं काय, ती कोण करतं आणि तिचे पैसे कुठे मुरतात, हे एकदा मुळापासून बघावं असं मला वाटलं. त्यासाठी जवळजवळ एक वर्ष गेलं. शेवटी जे हाती लागलं ते त्या काट्यासमोरच लख्ख दिसलं. किती दिवस घ्यायचे आणि ओझं कुणाच्या पाठीवर द्यायचं, या दोन प्रश्नांभोवती सगळी योजना फिरते. कुणी दर उतरवून देतो तेव्हा या दोहोंपैकी काहीतरी कापलेलं असतं.

हजार, हजार, हजार

आमची पहिली बैठक पुण्यात झाली. चिंचवडचे दोन तरुण इंजिनिअर, नाशिकचं एक जोडपं, बँकेतून निवृत्त झालेले कोल्हापूरचे एक गृहस्थ (त्यांना पहिल्याच दिवसापासून सगळे काका म्हणू लागले) आणि मी. समोर चार दरपत्रकं. सगळ्यात स्वस्त होतं ते मरांगू वाटेनं पाच दिवसांचं. ही किलिमांजारोवरची सगळ्यात जुनी रुळलेली वाट. तंबू नाहीत, लाकडी झोपड्यांत बंक मिळतात, चढ सौम्य. सोपी म्हणून तिला ‘कोकाकोला वाट’ म्हणतात आणि चढउतारांच्या मचामे वाटेला ‘व्हिस्की वाट’.

नाशिकच्या वहिनींनी मुक्कामांच्या उंच्या एकाखाली एक लिहिल्या. मंदारा 2,720 मीटर. होरोंबो 3,720. किबो झोपडी 4,720. आणि त्याच रात्री शिखराकडे कूच. रोज बरोब्बर हजार मीटर. कागदावर किती आटोपशीर दिसतं! पण उंचीवरच्या वैद्यकाचा सर्वमान्य सल्ला असा की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. पाच दिवसांच्या मरांगूत हा सल्ला दोनदा मोडतो, तोही दुपटीनं.

इथे शरीराचं गणित नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढची सगळी योजना त्यावर उभी आहे. उंचावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण घटत नाही, ते खाली असतं तितकंच, एकवीस टक्के. घटतो तो हवेचा दाब. किलिमांजारोच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो, म्हणून प्रत्येक श्वासात आत जाणारा ऑक्सिजनही निम्मा. शरीर त्यावर पहिला उपाय करतं तो भराभर श्वास घेण्याचा. त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री झोपेत श्वास क्षणभर थांबतो आणि माणूस दचकून उठतो, तो यामुळे. मूत्रपिंडं जादा अल्क लघवीवाटे हळूहळू बाहेर टाकतात तेव्हा हा लगाम सैल होतो. या कामाला काही दिवस लागतात, आणि धडधाकट माणसाची मूत्रपिंडंही ते घाईनं करत नाहीत. तुम्ही मॅरेथॉन पळता की रोज सूर्यनमस्कार घालता, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. डायमॉक्स म्हणजे असेटाझोलामाइडची गोळी याच कामाला हात लावते. म्हणून ती घेतल्यावर लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि बाकीच्यांनीही डोंगरावर पहिल्यांदा न घेता घरी एकदा घेऊन बघावी.

मचामे वाट सहा दिवसांतही होते आणि सातांतही. दोन्हींत तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरच्या 4,600 मीटरवर जेवून, पुन्हा खाली सुमारे 3,976 मीटरवर बरँकोला झोपायला यायचं असतं. उंच चढायचं, खाली झोपायचं. सहा दिवसांच्या बेतात चौथ्या दिवशी बरँकोहून थेट बराफूचा 4,673 मीटरवरचा तळ आणि त्याच रात्री शिखर. सात दिवसांच्या बेतात मध्ये करांगाचा एक मुक्काम, 3,995 मीटरवर. म्हणजे त्या जादा दिवशी झोपायची उंची वाढते ती जेमतेम वीस मीटर. चिंचवडच्या एकाने विचारलं, “वीस मीटरसाठी एका दिवसाचे पैसे द्यायचे?” काका म्हणाले, “पैसे वीस मीटरचे नाहीत, रात्रीचे आहेत. मुदत ठेव मोडली की व्याज मिळत नाही, तसं आहे हे.” आम्ही सात दिवस घेतले. आज मला विचाराल तर लेमोशो वाटेचे आठ दिवस घ्या असं सांगेन. ज्यांना सवड आहे त्यांनी आधी शेजारच्या मेरू पर्वतावर, 4,566 मीटरवर जाऊन यावं.

साडेनऊशे डॉलर आणि नंतरचे

किलिमांजारोवर एकट्यानं जाता येत नाही. परवानाधारक गाईड आणि नोंदणीकृत कंपनी सक्तीची आहे. त्यामुळे आपण दराची चौकशी करतो ती एका संपूर्ण यंत्रणेच्या दराची असते, आणि त्यातला मोठा भाग आधीच ठरलेला असतो. आम्ही चौकशी केली तेव्हा उद्यानाचं शुल्क परदेशी माणसाला दिवसाला 70 डॉलर, तंबूच्या मुक्कामाचे रात्रीला 50, बचाव-सेवेचे एकदाच 20, आणि या सगळ्यावर 18 टक्के व्हॅट असं होतं. सात दिवस, सहा रात्रींची बेरीज कराल तर माणशी साडेनऊशे डॉलरच्या वर जाते. हे पैसे सरकारजमा. त्यात कुणी सूट देऊ शकत नाही.

याच्या वर जे उरतं त्यात पगार, जेवण, तंबू, गाड्या, हॉटेलच्या दोन रात्री आणि कंपनीचा नफा बसवायचा. आमच्या सहा जणांसाठी किती माणसं होती? मुख्य गाईड, दोन सहायक गाईड, एक स्वयंपाकी आणि वीस पोर्टर. सहांमागे चोवीस. हे ऐकून आपल्याकडे माणसाला संकोच होतो, “एवढी कशाला?” असं आपण म्हणतो. पण जो दर आटवतो तो शुल्क आटवू शकत नाही. तो पोर्टर सतरावर आणतो, म्हणजे उरलेल्यांची ओझी वाढतात. रोजंदारीत हात मारतो. पोर्टरांना दिवसातून एकदा उगालीचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याचं जेवण देतो. रात्री त्यांना जेवणाच्या तंबूत जमिनीवर झोपवतो. किंवा तिसरा गाईड घेतच नाही. या तिसऱ्या गाईडची गोष्ट पुढे येईलच.

मोशीत किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था 2003 पासून हे बघते. कोणत्या कंपन्या रोज ठरलेली मजुरी देतात, तीन वेळचं जेवण देतात, झोपायला धड तंबू देतात, याची माहिती ते चढाईवर गेलेल्या पोर्टरांकडूनच गोळा करतात. पोर्टरांना गरम कपडे, बूटही उसने देतात. आम्ही कंपनी निवडली ती त्यांच्या यादीतली. त्याआधी एका कंपनीशी फोनवर बोलणं झालं होतं. त्यांना मी विचारलं की पोर्टर झोपतात कुठे. पलीकडून उत्तर आलं, “मॅडम, त्यांना सवय असते.” तिथेच ते दरपत्रक बाजूला ठेवलं.

प्रवासी विम्याचा विषयही याच हिशेबात येतो. आपल्याकडच्या पुष्कळ पॉलिसींत गिर्यारोहण, साहसी खेळ किंवा ठराविक उंचीच्या वरचा ट्रेक वगळलेला असतो, आणि तो बारीक अक्षरांत असतो. 6,000 मीटरपर्यंतचा ट्रेक आणि तिथून खाली आणण्याचा खर्च लेखी मान्य करून घेतल्याशिवाय हप्ता भरू नये. काकांनी एका विमा कंपनीशी यावर पाच ईमेल केले. बँकेतली ती चिकाटी आम्हा सगळ्यांच्या कामी आली.

कळसूबाईच्या वरून सुरुवात

सहा महिने आम्ही दर रविवारी सिंहगड केला. आधी मोकळ्या पाठीनं, मग सात-आठ किलो घेऊन, मग एकाच सकाळी दोनदा. कळसूबाईही झाली. तिथे कुणीतरी म्हणालं की आपण महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागी उभे आहोत, 1,646 मीटरवर. मी मनात ताडून बघितलं. मचामेचं फाटक, जिथून आपण पहिलं पाऊल टाकणार, ते साधारण 1,800 मीटरवर आहे. आणि शेवटच्या दिवशी जिथे उतरून बाहेर पडणार ते मवेकाचं फाटक 1,640 वर. आपलं सर्वोच्च शिखर जिथे संपतं तिथे त्यांचा पायथा. त्यामुळे सह्याद्रीत फुप्फुसांना उंचीची सवय होत नाही. गुडघे, घोटे, पोटऱ्या तयार होतात, आणि उतरताना गुडघ्यांवर भार कसा घ्यायचा ते कळतं. नवे बूट इथेच पायाला बसवायचे. राजगडच्या संजीवनी माचीवर बुटानं टाच सोलली तर बँडेड लावून घरी येता येतं. बराफूला ते जमत नाही.

सामानाची यादी पाठ होईपर्यंत वाचली तरी चुका होतातच. शरीराला चिकटून घामाला बाहेर सोडणारा थर, त्यावर ऊब देणारा, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारा. सुती कपडा एकही नाही, कारण भिजला की तो थंडी धरून ठेवतो. जाड पिसांचं जॅकेट आणि उणे तापमानाची स्लीपिंग बॅग मोशीत भाड्यानं मिळते. फार न वापरल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी ते बरं. बूट मात्र स्वतःचेच हवेत. पाण्याच्या पिशवीची नळी शिखराच्या रात्री गोठते, म्हणून बाटल्याच घ्यायच्या आणि त्या उलट्या ठेवायच्या. बर्फ वरून धरतो, त्यामुळे झाकणाकडचं पाणी मोकळं राहतं. टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. आपली कपडे पिशव्यांत बांधून बॅगेत भरायची सवय विमानतळावर सोडावी लागते. उद्यानात एकदाच वापरायच्या पाण्याच्या बाटल्याही चालत नाहीत.

पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यायची, म्हणजे पिवळं कार्ड लागू होतं. मुंबईहून जाणारी विमानं बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जातात, आणि इथिओपिया-केनिया दोन्ही पीतज्वराच्या यादीत आहेत. कार्ड पासपोर्टला जोडूनच ठेवावं. ऋतूचं म्हणाल तर मार्च मध्यापासून मेपर्यंत मोठा पाऊस, नोव्हेंबरात लहान पाऊस. जानेवारी ते मार्चची सुरुवात आणि जून ते ऑक्टोबर हे कोरडे दिवस. पौर्णिमेच्या आसपास उजेड असतो म्हणून सगळेच त्या तारखा मागतात. आम्ही फेब्रुवारीतली अंधारी रात्र घेतली.

मोशी, बिमा, बराफू

मोशी हे नाव ऐकून चिंचवडचे दोघं हरखले, त्यांच्या घरापासून आमची पुण्याजवळची मोशी दहा मिनिटांवर. स्वाहिलीत मोशी म्हणजे धूर. गाव डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी. सकाळी तासभर ढग बाजूला होतात, तेवढ्यात माथ्यावरचा पांढरा पट्टा दिसतो. तो पट्टा आक्रसत चालला आहे. 1912 नंतरच्या शंभर वर्षांत इथलं ऐंशी टक्क्यांहून जास्त हिम संपलं. शहरात भारतीयांची जुनी दुकानं आहेत, चहा आहे, चपाती आहे, आणि दोन्हींची नावं तीच आहेत.

स्वाहिली कानावर पडू लागली तसे ओळखीचे शब्द सापडू लागले. विम्याला बिमा, हिशेबाला हेसाबू, औषधाला दावा. आणि ज्या तळावरून शिखराकडे निघायचं त्याचं नाव बराफू, म्हणजे बर्फच. अरबी-फारसीतून हे शब्द त्यांच्याकडेही आले आणि आमच्याकडेही.

काकांना मोशीत आणखी काहीतरी बघायचं होतं. चागा लोकांच्या कॉफी उत्पादकांचा सहकारी संघ, केएनसीयू. 1933 मध्ये स्थापन झालेला. आपल्या प्रवरेच्या कारखान्याच्याही आधीचा. संघाच्या इमारतीसमोर काका बराच वेळ उभे होते. डोंगराच्या उतारावर चागा शेतकरी केळीच्या सावलीत कॉफी लावतात आणि ओढ्यांचं पाणी पाटांनी शेतात आणतात. आमच्या पोर्टरांपैकी बरेचजण याच वाड्या-वस्त्यांतले, केळी-कॉफीच्या उत्पन्नावर भागत नाही म्हणून डोंगरावर येणारे. ते स्वतःला ‘वागुमू’ म्हणतात. कणखर माणसं.

रोज हलणारं गाव

पहिल्या दिवशी जंगल. मोठाले वृक्ष, शेवाळाच्या दाढ्या, फांद्यांवर काळी-पांढरी कोलोबस माकडं. आम्ही पोले पोले, म्हणजे सावकाश सावकाश चालत होतो. नुसतं ‘पोले’ म्हटलं तर स्वाहिलीत त्याचा अर्थ होतो ‘वाईट वाटलं’. कुणी ठेचकाळलं की पोर्टर ‘पोले’ म्हणून पुढे जायचा. आणि ते सगळे पुढे जायचे. आमचा मागचा तळ आवरून, आमच्या दुप्पट वेगानं, डोक्यावर गॅसचा सिलिंडर, तंबूचे खांब, अंड्यांचे ट्रे घेऊन. आम्ही पोहोचायच्या आत पुढचा तळ उभा.

हे गाव कसं चालतं ते बघण्यात माझे दोन दिवस गेले. शौचाच्या तंबूसाठी स्वतंत्र माणूस होता, तो तंबू आणि त्याचं बसकं भांडं तोच वाहायचा, तोच साफ करायचा. स्वयंपाकी जेमतेम तिशीतला. त्याला आम्ही शाकाहारी असल्याचं महिनाभर आधी कळवलेलं, त्यामुळे त्यानं सोयाबीन, मसूर, भाज्या मोजून आणल्या होत्या. सकाळी उजी नावाची पातळ लापशी, दुपारी सूप, संध्याकाळी भात आणि मचिचा, म्हणजे आपल्या माठासारखी पालेभाजी. उंची वाढली की भूक मरते. तिसऱ्या दिवशी भाताचा वासही नको वाटायला लागला. तेव्हा नाशिकच्या वहिनींनी मेतकूट काढलं आणि पहिल्यांदा सगळ्यांच्या ताटल्या रिकाम्या झाल्या. दोनशे ग्रॅमची पुडी होती ती. माझ्या चिवड्याच्या किलोभर वजनापेक्षा तिचं काम जास्त झालं.

सगळ्यात जड वस्तू पाणी. करांगाच्या दरीत ओढा आहे, त्यानंतर बराफूपर्यंत आणि बराफूवरही पाणी नाही. पाचव्या दिवशी मी तंबूतून बाहेर आले तर पाच पोर्टर वीस लिटरच्या डब्यांत पाणी भरत होते. आमचा चहा, सूप, हात धुवायचं गरम पाणी, रात्रीच्या बाटल्या, सगळं खालून. बराफूला त्या दिवशी मी हात धुवायला गेले नाही. ओला रुमाल पुरला.

रोज संध्याकाळी जेवणाआधी मुख्य गाईड वही घेऊन बसायचा. बोटाला ऑक्सिमीटर, नाडी, आणि प्रत्येकाला तेच चार प्रश्न: डोकं दुखतं का, भूक लागते का, थकवा किती, चक्कर येते का. बरँकोला कुणाचा ऑक्सिजन 88 आला, कुणाचा 82. तो आकड्यापेक्षा चेहऱ्याकडे जास्त बघायचा. कोण गप्प झालंय, कोण जेवण टाळतंय. त्याला मी विचारलं, उंची लागलेला माणूस कसा ओळखायचा? तो म्हणाला, “तो सांगत नाही. त्याचे मित्र सांगतात. तेही सांगत नसतील तर मी त्याला सरळ रेषेत चालायला लावतो.” टाचेला चवडा लावत दहा पावलं. ज्याचा तोल जातो त्याच्या मेंदूला सूज चढत असू शकते. त्याला खाली न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही.

मायरची शिबिरं

बरँकोची भिंत चढताना हान्स मायर आठवला. हा जर्मन भूगोलज्ञ 1887 पासून या डोंगराच्या मागे होता. तिसऱ्या खेपेला, ऑक्टोबर 1889 मध्ये, लुडविग पुर्टशेलर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाबरोबर तो माथ्यावर पोहोचला. त्याचं यश मला तरी योजनेचं वाटतं. त्यानं आधीच्या अनुभवावरून वाटेत पायऱ्यापायऱ्यांनी शिबिरं लावली आणि खालून पोर्टर शिधा पोहोचवत राहिले. त्यामुळे एक प्रयत्न फसला तरी पायथ्याला न उतरता पुन्हा चढता आलं. वरच्या शिबिरात मुइनी अमानी नावाचा पांगानीचा स्वयंपाकी थंडीत त्यांच्यासाठी चूल सांभाळत होता. योहानी किन्याला लाउवो या चागा वाटाड्याचं नाव त्या चढाईशी जोडलेलं आहे, आणि 1989 च्या शताब्दीत टांझानियानं त्याचा गौरव केला. सव्वाशेहून जास्त वर्षांत तंबू हलके झाले, बूट चांगले झाले. चढाईचा सांगाडा तोच राहिला. कुणीतरी वर शिधा नेतो, म्हणून कुणीतरी वर पोहोचतो.

तिसरा गाईड

बराफूहून रात्री साडेअकराला निघालो. उणे दहाच्या खाली असावं. वर बघितलं तर टॉर्चच्या दिव्यांची माळ डोंगराला वळसे घेत ताऱ्यांत मिसळली होती, कुठे दिवे संपतात ते कळत नव्हतं. पायाखाली भुसभुशीत राख-खडी. दोन पावलं, थांबायचं. दोन पावलं.

साधारण 5,200 मीटरवर चिंचवडच्या धाकट्याला उलटी झाली. सिंहगड पंचेचाळीस मिनिटांत चढणारा मुलगा. “मी ठीक आहे,” म्हणत होता. गाईडनं टॉर्च त्याच्या पायांवर धरली आणि चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो डावीकडे झुकला, पुन्हा झुकला. गाईडनं एकच शब्द उच्चारला, ‘चिनी’, म्हणजे खाली. मुलगा रडायला लागला. मोठा म्हणाला, “मीही त्याच्याबरोबर जातो.” गाईड म्हणाला, “गरज नाही. माझा माणूस जाईल.” एक सहायक गाईड त्याचा दंड धरून अंधारात उतरू लागला. दोघांचे दिवे बराच वेळ खाली सरकताना दिसत होते.

उरलेले पाच जण दोन गाईडांबरोबर पुढे चालू लागलो. पुण्याच्या बैठकीत दरपत्रकातल्या ‘सहायक गाईड (2)’ या ओळीवर आम्ही अर्धा तास घासाघीस केली होती. एक कमी केला तर माणशी किती वाचतील याचा हिशेब मांडला होता. तो एक कमी केला असता तर त्या रात्री काय झालं असतं? मुलाला कुणा पोर्टरबरोबर खाली धाडलं असतं, किंवा त्याला वर रेटलं असतं. दोन्ही गोष्टी या डोंगरावर घडतात.

स्टेला पॉइंटला, 5,756 मीटरवर, पूर्वेला माव्हेंझीच्या सुळक्यांमागे तांबडं फुटलं. तिथून तास-दीड तासानं माथा, उहुरू. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. 1961 च्या डिसेंबरात टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भाग) स्वतंत्र झाला त्या मध्यरात्री अलेक्झांडर न्यिरेंडा यानं इथे झेंडा रोवला आणि मशाल लावली, तेव्हापासूनचं हे नाव. आधी जर्मन कैसरचं नाव होतं. पाटीपाशी फोटोची रांग होती. काकांनी खिशातून कोल्हापूरच्या अंबाबाईचा छोटा फोटो काढून कपाळाला लावला आणि पुन्हा खिशात ठेवला. आम्ही दहा मिनिटंही थांबलो नाही.

मवेका

त्याच दिवशी मवेकाच्या तळापर्यंत, म्हणजे 3,100 मीटरपर्यंत उतरायचं असतं. माथ्यापासून पावणेतीन हजार मीटरची उतराई, एका दिवसात. बराफूला धाकटा तंबूबाहेर बसून चहा पीत होता. रंग परत आला होता. “पुन्हा येणार,” एवढंच म्हणाला. वाटेत एक चाकाचं स्ट्रेचर खाली जाताना दिसलं, सहा माणसं त्याला धरून पळत होती. आम्ही कडेला उभे राहिलो.

शेवटच्या सकाळी बक्षिशीचा कार्यक्रम. पोर्टर गाणी म्हणतात, नाचतात, आपणही नाचतो. आम्ही आधीच ठरवलं होतं की प्रत्येकाचं पाकीट वेगळं, रक्कम सगळ्यांसमोर वाचायची, आणि ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. मुख्य गाईडनं एकेकाचं नाव पुकारलं. शौचाच्या तंबूचा माणूस आला. पाण्याचे डबे वाहणारे आले.

फाटकापाशी माझी निळी डफल घेऊन आलेला मुलगा वीस-बावीसचा असेल. सात दिवस तीच बॅग त्याच्या डोक्यावर होती. मी ती उघडून गाडीत ठेवायच्या वस्तू वेगळ्या करायला लागले. तळाशी दोन जाड स्वेटर, घडी न मोडलेले.  अडीच-तीन किलो तरी असतील. पहिल्या दिवशी काट्यावर भरले, लाव्हा टॉवर, बरँको, बराफू करून आले आणि मी एकदाही घातले नाहीत. मी एक त्याला दिला. त्यानं तो अंगाला लावून बघितला, बाही आखूड होती. हसून म्हणाला, आईला होईल. मग दुसराही दिला. परवा तो पुन्हा चढणार होता, अमेरिकेच्या एका गटाबरोबर, आठ दिवस, लेमोशोनं. फाटकाजवळच्या नळावर बूट धुऊन, नाड्या सोडून त्यानं ते उन्हात पालथे घातले आणि दुसऱ्या गटाचं सामान ट्रकमधून उतरवायला गेला.